बडोदे आणि तंजावर : दोन मराठी दरबार व एक ख्रिस्ती गुरू

१८२५ सालच्या मार्च महिन्यात कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप रेजिनाल्ड हेबर बडोद्यास येऊन पोहोचले. आदल्या वर्षी कलकत्ता सोडून गंगेच्या मार्गाने ते उत्तर हिंदुस्थानात आले होते आणि पुढे दिल्ली, जयपूर व राजपुताना पाहात गुजराथेत उतरले होते. बडोद्यास तेव्हा दुसरे सयाजीराव गायकवाड गादीवर होते. बिशपमहाशयांचे दरबारी इतमामाने स्वागत झाले. छावणीतील इंग्रजी चर्चचा समर्पणविधी त्यांच्या हस्ते झाला आणि गायकवाडांचे हत्ती व स्वाऱ्या त्यांनी कौतुकाने पाहिल्या. माहूत पाठीवर बसवून घेणारा एक माणसाळलेला गेंडाही त्यांच्या दृष्टीस पडला. त्याची नोंद त्यांनी आपल्या प्रवासवृत्तांतात मोठ्या हौसेने करून ठेवली आहे. बडोद्यातील मुक्काम थोड्याच दिवसांचा होता. धर्माविषयी, विद्येविषयी गायकवाडांशी त्यांचे काही खोल बोलणे झाले असे दिसत नाही. पाहुणा आला, मानपान झाला, पाहुणा पुढे गेला.

पुढे चारच दिवसांनी, २६ मार्च १८२५ रोजी, नडियादेस हेबर यांची सहजानंद स्वामींशी भेट झाली. स्वामीनारायण संप्रदायाचे हे प्रवर्तक गुजराथेत त्या काळी हजारो लोकांना दारू, चोरी आणि हिंसा यांपासून परावृत्त करीत होते. ही कीर्ती ऐकूनच बिशपांनी भेट मागितली होती. गंमत अशी की दोघेही धर्मोपदेशक घोडेस्वारांच्या पहाऱ्यात आले. हेबर यांच्याबरोबर लहानसे पथक होते, तर स्वामींबरोबर त्याहून कितीतरी मोठे. शांतीचा उपदेश करणाऱ्या दोन माणसांनी अशी फौज घेऊन भेटावे याचे हेबर यांना स्वतःलाच संकोचयुक्त आश्चर्य वाटले. बोलणे सौजन्याचे झाले. परंतु दोघांच्या अपेक्षा निरनिराळ्या होत्या. स्वामी ख्रिस्ताच्या जवळ आलेले असतील अशी बिशपांची आशा होती, आणि कृष्णमूर्ती पाहून ती मावळली. स्वामींना प्रवासी व आजारी लोकांसाठी आश्रयस्थान उभारावयाचे होते व त्याकामी सरकारदरबारी शब्द टाकणारा माणूस हवा होता. एकमेकांविषयी आदर बाळगून दोघे आपापल्या वाटेने गेले.

भेट आणि देवाणघेवाण या दोन गोष्टी एक नव्हेत, हे या प्रसंगावरून ध्यानात येते. देवाणघेवाणीस वेळ लागतो, भाषा लागते, आणि बहुधा कोणीतरी कोणाचे तरी लहानपण पाहिलेले असावे लागते. ती हेबर यांना पाहावयास मिळाली, पण बडोद्यास नव्हे. बरोबर एका वर्षाने, १८२६ च्या मार्चमध्ये, ते दक्षिणेत तंजावरास गेले आणि तेथे त्यांना दुसरा एक मराठी राजा भेटला. त्याचे नाव सरफोजी भोसले. हा राजा लाव्हाझिये आणि फुर्क्र्वा या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांविषयी बोलत होता. लिनियस व ब्युफाँ यांच्या सृष्टिविज्ञानाशी त्याचा परिचय होता आणि शेक्सपिअरच्या काव्याची त्याला मार्मिक जाण होती. शिवाय घोड्याची पारख आणि वाघाची शिकार यांतही इंग्रज अधिकारी त्याचा शब्द मानीत. बिशप थक्क झाले. हे सर्व कोठून आले असे कोणी विचारताच सरफोजी आपल्या गुरूचे नाव घेत, आणि तेही पित्याचे घ्यावे तसे. ते गुरू जर्मन पाद्री होते : ख्रिस्तियन फ्रीडरिश श्वार्ट्‌झ.

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरास मराठी राज्य स्थापिले, हे सर्वश्रुत आहे. राजाची भाषा मराठी, प्रजेची तमिळ, दरबारातील पंडितांची संस्कृत आणि संगीतज्ञांची तेलुगू, असा तो चार भाषांचा संसार होता. त्यात श्वार्ट्‌झ यांनी पाचवी भर घातली. १७२६ साली प्रशियात जन्मलेला हा मनुष्य १७५० साली त्रांकेबार येथील डॅनिश वसाहतीत लुथेरन मिशनरी म्हणून उतरला. प्रथम त्याने तमिळ आत्मसात केली, पुढे पोर्तुगीज, फारसी आणि हिंदुस्थानी. आणि तंजावरच्या राजाशी मध्यस्थावाचून बोलता यावे म्हणून मराठी. मराठी शिकण्याची ही गरज त्याला का वाटली हे लक्षात घेण्यासारखे आहे. तमिळने त्याचा बाजारातील व खेड्यापाड्यांतील व्यवहार उत्तम चालला असता. पण राजाच्या मनाचा दरवाजा राजाच्या मातृभाषेनेच उघडतो, हे त्याने ओळखले होते. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनीही १६१६ साली प्रसिद्ध झालेले आपले ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत रचले, ते याच जाणिवेतून. मात्र एक भेद आहे. स्टीफन्स यांचा ग्रंथ नवख्रिस्ती लोकांसाठी होता. श्वार्ट्‌झ यांचे मराठी ज्याच्यासाठी होते तो राजा ख्रिस्ती नव्हता आणि पुढेही झाला नाही.

तुळजाजी राजे या पाद्र्यास मानीत, याचे कारण त्याच्या प्रवचनांपेक्षा त्याचा शब्द होता. १७७९ साली मद्रास सरकारने त्याला हैदर अलीकडे श्रीरंगपट्टणास वकिलीवर पाठविले. वाटखर्चासाठी हैदरने दिलेली रक्कम त्याने स्वतःजवळ न ठेवता सरकारजमा करू पाहिली, आणि अखेर ती अनाथ मुलांच्या शाळेच्या कामी लाविली. पुढे त्याच हैदरच्या स्वारीत तंजावरचा मुलूख उद्ध्वस्त झाला. किल्ल्यात धान्य नाही आणि खेड्यांतील शेतकरी पैसे बुडतील या भीतीने धान्य आणावयास तयार नाहीत, अशी वेळ आली. राजाच्या शब्दावर त्यांचा विश्वास उरला नव्हता, कंपनीच्या शब्दावर तर मुळीच नव्हता. तेव्हा श्वार्ट्‌झ यांनी पैशाची हमी घेतली आणि बैल व धान्य किल्ल्यात आले. राज्यकर्त्यांची पत नाहीशी झाली असता परदेशी फकिराची पत टिकून राहिली, ही गोष्ट त्या काळच्या राज्यकर्त्यांना फारशी भूषणावह नाही. पण घडली ती अशी.

१७८७ साली तुळजाजी मृत्युशय्येवर होते. पोटी संतान नव्हते म्हणून त्यांनी भोसले कुळातील नऊ-दहा वर्षांच्या सरफोजीस दत्तक घेतले आणि मुलाचा हात श्वार्ट्‌झ यांच्या हाती देऊ केला : याचे पालकत्व तुम्ही घ्या. श्वार्ट्‌झ यांनी नकार दिला. राजवाड्याच्या कारस्थानांत एकटा पाद्री मुलाचे रक्षण करू शकणार नाही असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यांनी राजाचा भाऊ अमरसिंग याचे नाव सुचविले. हा सल्ला चुकीचा ठरला. तुळजाजींच्या निधनानंतर पंडितांनी दत्तकविधान अशास्त्र ठरविले. मुलगा आपल्या जन्मदात्याचा एकुलता एक पुत्र आहे आणि वयानेही मोठा आहे, असे आक्षेप निघाले. कंपनीने अमरसिंगास गादीवर बसविले व सरफोजी जवळजवळ कैदेत पडला. अंधाऱ्या खोलीत, शिक्षणावाचून.

येथून श्वार्ट्‌झ यांच्या आयुष्याचे शेवटचे दशक एका मुलाच्या कारणी लागले. त्यांनी मद्रासला पत्रांमागून पत्रे लिहिली, मुलाची प्रत्यक्ष भेट घेतली, त्याला शिक्षक मिळवून दिला. अखेर १७९३ साली सरफोजीस व तुळजाजींच्या विधवा राण्यांना मद्रासेस हलविण्यात आले. तेथे गेरिके या दुसऱ्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण पुढे चालले. दरम्यान दत्तकाचा प्रश्न पुन्हा उघडला गेला, इतर ठिकाणच्या पंडितांची मते मागविण्यात आली आणि पहिला निर्णय फिरला. धर्मशास्त्राप्रमाणे हिंदू राजपुत्राचे दत्तकविधान खरे ठरावे म्हणून एक लुथेरन पाद्री वर्षानुवर्षे झटत होता! दत्तकपुत्राने पित्याचे श्राद्ध करावयाचे, कुलदेवतेची पूजा चालवावयाची, हे त्यास ठाऊक नव्हते असे नाही. मुलाचा हक्क हा मुलाचा हक्क, एवढेच त्याने पाहिले.

जून १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. तो दिवस श्वार्ट्‌झ यांना पाहावयास मिळाला नाही. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीस त्यांचा अंत झाला होता. अंत्यविधीस सरफोजी हजर होते आणि गुरूच्या देहाजवळ त्यांना रडू आवरले नाही. परधर्मीयाच्या प्रेताजवळ जाणे, त्याच्या अंत्यविधीस उभे राहणे, हे राजाच्या सोवळ्यास धरून नव्हते. तरी ते गेले. समाधीच्या शिलेवर कोरण्यासाठी त्यांनी स्वतः इंग्रजीत पद्ये रचली. पुढे लंडनचे प्रसिद्ध शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. मृत्युशय्येवर पडलेले वृद्ध गुरू आणि त्यांचा हात हाती घेऊन उभा असलेला तरुण राजा असे ते दृश्य आहे. १७७९ साली श्वार्ट्‌झ यांनी बांधलेल्या, शिवगंगा किल्ल्यातील चर्चमध्ये ते आजही पाहावयास मिळते.

हे चर्च आणि राजराज चोळाचे बृहदीश्वराचे भव्य देवालय एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. याच सरफोजींनी १८०३ साली त्या देवालयाच्या भिंतीवर आपल्या भोसले वंशाचा सविस्तर इतिहास मराठीत कोरविला. शिलालेखांत एवढा मोठा मराठी मजकूर दुसरीकडे सापडणे कठीण. एका दगडावर वंश आणि दुसऱ्या दगडावर गुरू. दोन्ही ऋणे त्यांनी फेडली, आणि एकाच्या जागी दुसरे कोरले नाही. गरीब ख्रिस्ती मुलांच्या अन्नवस्त्राची व शिक्षणाची सोय त्यांनी स्वतःच्या खर्चाने चालविली. आणि १८२० साली हजारो माणसांचा लवाजमा घेऊन ते काशीयात्रेसही गेले.

सरफोजी ख्रिस्ती व्हावेत असे श्वार्ट्‌झ यांना वाटत नव्हते काय? निश्चितच वाटत असले पाहिजे. ते मिशनरी होते व आपल्या श्रद्धेविषयी त्यांनी कधी आडपडदा ठेवला नाही. पण १७८५ च्या सुमारास तंजावर, रामनाथपुरम् व शिवगंगा येथे राजांच्या आणि कंपनीच्या साहाय्याने त्यांनी ज्या इंग्रजी शाळा काढल्या, त्यांत हिंदू मुले येत, आणि तेथे कपटाने कोणास ख्रिस्ती करावयाचे नाही हा नियम उघडपणे मान्य झालेला होता. इच्छा आणि सक्ती यांमधील ही सीमारेषा त्यांनी पाळली. गोव्यातील सोळाव्या-सतराव्या शतकांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे, त्यांना या रेषेचे मोल वेगळे सांगावयास नको.

तथापि या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सरफोजींना गादी मिळाली, पण राज्य मिळाले नाही. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावरचा सारा कारभार कंपनीने घेतला. राजाकडे किल्ला, एक लाख पॅगोडांचा तनखा आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. जो राजपुत्र कंपनीच्या आश्रयाने वाढला आणि कंपनीच्या निर्णयाने गादीवर आला, त्याला या तहावर सही करण्यावाचून गत्यंतर नव्हते. श्वार्ट्‌झ यांनी हे योजिले होते असे म्हणण्यास आधार नाही. ते तेव्हा हयातही नव्हते. परंतु त्यांचे भाबडे सौजन्य कंपनीच्या फार सोयीचे पडले, हे नाकारण्यातही अर्थ नाही. ज्या सरकारास त्यांनी न्यायासाठी पत्रे लिहिली, त्या सरकारने न्याय दिला आणि त्याचे मोल वसूल केले. पुढे १८५५ साली सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे पुत्र नसता वारले, तेव्हा तर तंजावरची गादीच बुडाली. दत्तकाचा शास्त्रार्थ कंपनीला एकदा पटला होता, दुसऱ्यांदा त्याची गरज उरली नव्हती.

राज्य हातचे गेलेल्या या राजाने उरलेली बत्तीस वर्षे विद्येत घातली, आणि देवाणघेवाणीचे खरे पीक येथे दिसते. सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखितांच्या शेजारी युरोपातून मागविलेले हजारो ग्रंथ येऊन बसले. धन्वंतरी महालात देशी वैद्य व युरोपीय डॉक्टर यांचे उपचार पडताळून पाहिले जात, आणि सरफोजी डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसह ठेववीत. १८०५ च्या सुमारास त्यांनी देवनागरी मुद्रणालय उभारिले व त्याचे नाव ‘नवविद्याकलानिधि’ असे ठेविले. तेथे सख्खण पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापाच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावलि’ या नावाने १८०६ मध्ये छापून निघाल्या. बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण नुकतेच, १८०५ साली, प्रसिद्ध झाले होते. मुद्रित मराठीच्या बालपणी पाळण्याच्या दोन दोऱ्या अशा श्रीरामपूर आणि तंजावर या मराठी मुलखाबाहेरच्या दोन गावी होत्या. पुण्यास तेव्हा पेशवाई नांदत होती आणि कोणाच्या मनात खिळे पाडण्याचा विचार विशेष आलेला दिसत नाही.

पण या सर्वांहून नवलाची वस्तू म्हणजे ‘देवेंद्र कुरवंजी’ हे सरफोजींचे मराठी नाटक होय. कुरवंजी हा तमिळ लोकनाट्याचा प्रकार. डोंगरातली भविष्य सांगणारी कुरवर जातीची बाई यात येते, विरहिणी नायिकेचा हात पाहते, आपण हिंडलेल्या डोंगरांची, नद्यांची, गावांची वर्णने गाऊन दाखविते आणि शेवटी तुझा प्रियकर तुला मिळेल असे सांगते. एकनाथांच्या भारुडांतील जोशी-जोशीण ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही बाई परकी वाटणार नाही. सरफोजींनी काय केले, तर या भटक्या बाईच्या तोंडी साऱ्या पृथ्वीचा भूगोल घातला. खंडे, देश, समुद्र आणि नद्या नव्या विद्येनुसार कुरवंजीण गाऊन सांगते. ज्ञान पाद्र्यांच्या शाळेतले, सोंग तमिळ, भाषा मराठी आणि नायक स्वर्गीचा इंद्र! मेरुपर्वत व सप्तसमुद्र यांच्या जागी युरोप, आफ्रिका व अमेरिका आल्या, पण चाल मोडली नाही. शाळामास्तरांनी भूगोल शिकवावा तो असा, असे कोणासही वाटेल.

याच सुमारास सरफोजींचा गुरुबंधूही कुरवंजी लिहीत होता. वेदनायगम शास्त्री हे तमिळ ख्रिस्ती कवी १७७४ साली जन्मले. श्वार्ट्‌झ यांनी त्यांना कोवळ्या वयात तंजावरास आणून शिकविले. त्यांच्या ‘बेथलेहेम कुरवंजी’मध्ये नायिका म्हणजे ख्रिस्तसभा, आणि ज्याची ती वाट पाहते तो वर बेथलेहेमचा प्रभू. ग्रहगोलांची नवी माहिती तिच्यातही आली आहे. एकाच गुरूच्या दोन शिष्यांनी, एकाने मराठीत व दुसऱ्याने तमिळमध्ये, एकाच लोकनाट्याच्या साच्यात नवी विद्या ओतली. एक शिवभक्त राहिला, दुसरा ख्रिस्तभक्त. पाश्चात्त्य विद्या घेण्यासाठी पाश्चात्त्य पोशाख चढवावाच लागतो असे या दोघांनाही वाटले नाही.

मात्र हे चित्र फार गोड करून चालणार नाही. तंजावरच्या चर्चमध्ये वेळ्ळाळ आणि अस्पृश्य गणलेले ख्रिस्ती वेगवेगळे बसत. श्वार्ट्‌झ यांनी ते कालांतराने जाईल म्हणून चालू दिले. हेबर यांनी १८२६ साली त्याची चौकशी केली आणि तेही सौम्यच राहिले. मधल्या काळात नव्या पाद्र्यांनी कडक धोरण धरले, तेव्हा वेदनायगम शास्त्री जुन्या चालीचे कैवारी म्हणून उभे राहिले व १८२९ साली मिशनची नोकरी गमावून बसले. अखेर १८३३ मध्ये बिशप डॅनिएल विल्सन यांनी चर्चमधून जातिभेद काढून टाकण्याची आज्ञा दिली, तेव्हा कित्येक वरिष्ठ कुटुंबे उठून गेली. नोकरी गेल्यावर शास्त्रीबोवांना आश्रय दिला तो सरफोजींनी, गुरुबंधू म्हणून आणि कवी म्हणून. राजाचे औदार्य मोठे होते, पण कवीचा आग्रह चुकीचा होता, असेच आज म्हणावे लागेल. कॅथलिक मंडळींनी येथे लुथेरनांकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. मदुरा प्रांतातील जेझुइट मिशनमध्ये उच्चवर्णीयांसाठी वेगळे व इतरांसाठी वेगळे धर्मगुरू असत. देवाणघेवाणीत चांगल्याबरोबर वाईटही हातोहात जाते.

संगीताविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. तंजावरच्या चार प्रसिद्ध नर्तनाचार्य बंधूंपैकी वडिवेलु यांना व्हायोलिन श्वार्ट्‌झ यांनी शिकविले, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. गोष्ट रम्य आहे, पण वडिवेलु १८१० साली जन्मले आणि श्वार्ट्‌झ १७९८ सालीच निवर्तले. युरोपीय वाद्य दक्षिणेच्या संगीतात रुळले, त्याचे श्रेय मद्रासेत बँडच्या वादकांकडून ते शिकलेल्या बालुस्वामी दीक्षितरांसारख्या कलावंतांकडे अधिक जाते. सरफोजींच्या पदरीही पाश्चात्त्य वाद्यांचा ताफा होता. पण चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु या चौघा बंधूंनी तंजावरच्या दरबारात जी नृत्यपरंपरा घडविली, ती मात्र कथेला पुन्हा बडोद्यास घेऊन येते.

१८८० साली बडोद्याचे तरुण महाराज तिसरे सयाजीराव यांचा विवाह तंजावरच्या राजघराण्याशी नात्याने जोडलेल्या मोहिते कुळातील लक्ष्मीबाईंशी झाला. बडोद्यास त्या चिमणाबाई झाल्या. त्यांच्याबरोबर आंदणात तंजावरच्या नर्तकी व वादक आले. तंजावरचे राज्य बुडून पंचवीस वर्षे लोटली होती, पण त्याचे नृत्य गायकवाडांच्या कलावंत कारखान्यात पगारी नोकरीस लागले. पुढे ‘भरतनाट्यम्’ या नावाने ओळखली जाणारी कला गुजराथेने प्रथम पाहिली ती या मराठी सोयरिकीमुळे. चिमणाबाई १८८५ सालीच वारल्या. आंदणात आलेली मंडळी मात्र बडोद्याचीच होऊन राहिली.

स्वतः सयाजीरावांचे बालपणही सरफोजींची आठवण करून देणारे आहे. तेही दत्तक, नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातून १८७५ साली आणलेले. त्यांचीही गादी इंग्रजांच्या संमतीने मिळालेली, आणि त्यांचेही शिक्षण एका परदेशी गुरूच्या, एलियट साहेबांच्या, हाताखाली झालेले. एलियट हे पाद्री नव्हते, सरकारी अधिकारी होते. पण गुरुशिष्यांचे प्रेम तसेच जन्माचे ठरले. फरक एवढाच की सयाजीरावांच्या हाती राज्य उरले होते. म्हणून जे सरफोजींना एका ग्रंथालयापुरते व एका मुद्रणालयापुरते करता आले, ते सयाजीरावांनी गावोगावच्या शाळा व वाचनालये काढून केले.

धर्माच्या बाबतीत ते आणखी एक पाऊल पुढे गेले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी बडोदे कॉलेजात धर्मांच्या तौलनिक अभ्यासासाठी इंग्लंडहून अल्बन विजरी यांना प्राध्यापक म्हणून आणविले. एका हिंदू राजाच्या खर्चाने, एका ख्रिस्ती प्राध्यापकाकडून हिंदू, मुसलमान व पारशी विद्यार्थ्यांनी सर्व धर्मांची तत्त्वे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत, अशी ती योजना होती. नडियादेस हेबर आणि सहजानंद स्वामी यांचे जे बोलणे तासाभरात आटोपले होते, ते आता सबंध वर्षभराच्या तासिकांत चालू शकत होते. १९३३ साली शिकागो येथील विश्वधर्म परिषदेपुढे सयाजीरावांनी भाषण केले, ते या अभ्यासाच्या पाठबळावर.

हेबर मात्र यांपैकी काही पाहावयास राहिले नाहीत. तंजावरास २६ मार्च १८२६ रोजी त्यांनी पुनरुत्थानाच्या सणाचे प्रवचन केले, सायंकाळच्या तमिळ उपासनेत तमिळमध्येच आशीर्वाद उच्चारला, सरफोजींचा निरोप घेतला आणि ते तिरुचिरापळ्ळीस गेले. ३ एप्रिल रोजी तेथे स्नानाच्या हौदात त्यांचा आकस्मिक अंत झाला. वय अवघे बेचाळीस.

१९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाची स्थापना झाली. दरबारातील गाणे आणि नाच यांची शिकवण विश्वविद्यालयाकडे आली. सूरसागराच्या काठी उभ्या असलेल्या त्या इमारतीत आज मराठी, गुजराथी व ख्रिस्ती घरांतील मुली तंजावरच्या चौघा बंधूंनी बांधलेले तमिळ-तेलुगू वर्णम् शिकतात, आणि मृदंगाच्या बोलावर अडवूंचे पहिले पाऊल टाकतात.